जिना चढताना धाप लागते का?

माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक एका जिन्यापायी झाली, आणि तो जिना कुठं नव्हताच.

आता मी हे हसत सांगते. नातीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, तू एवढी बावळट होतीस?" म्हटलं, "बावळट असते तर बरं झालं असतं गं. मी हुशार होते. कार्यालयात सगळ्यात हुशार. तिथंच घात झाला." त्या दिवसांतला माझा एक फोटो आहे. कडक इस्त्रीची साडी, गळ्यात ओळखपत्र, काखेत फायली, आणि चेहरा असा की जिल्ह्यातली यच्चयावत फुप्फुसं माझ्याच नावावर चढवली आहेत. तो फोटो मी मुद्दाम समोरच्या भिंतीवर लावलाय. सकाळचा चहा पिताना बघून हसायला बरा पडतो.

मी जिल्ह्याची सार्वजनिक आरोग्य परिचारिका म्हणून निवृत्त झाले. नाव मोठं, काम साधं: गावोगावच्या नर्सांनी काय करायचं ते ठरवायचं, त्यांनी ते केलं का ते बघायचं आणि वर कळवायचं. सुरुवात मात्र मीही लोहारा तालुक्यात, हातात लशींचा डबा घेऊन पायी हिंडणारी नर्स म्हणूनच केली होती. भूकंप झाला तेव्हा मी तिथंच होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण तिच्यामुळं माझी चूक अजून मोठी होते.

निवृत्तीला चार-पाच वर्षं राहिली असताना वरून एक कागद आला. फुप्फुसाचा फायब्रोसिस झालेल्या लोकांसाठी देशभर सेवा आखायच्या होत्या. त्यासाठी काही जिल्ह्यांत आधी पाहणी करायची, आणि त्यात आमचा जिल्हा होता.

फायब्रोसिस म्हणजे काय, हे मला स्वतःला तेव्हा नीट माहीत नव्हतं. आता मी ते भाकरीवरून सांगते. तव्यावरची भाकरी फुगते, दुमडली तर दुमडते. तीच दुसऱ्या दिवशी बघा. ना फुगत, ना वाकत. या आजारात फुप्फुस तसं होत जातं. आत वण पडत जातात, ते निबर होतं, हवा घ्यायला फुलत नाही. माणसाला कोरडा खोकला येतो, चालताना दम लागतो, पुढं पुढं बसल्या जागी लागतो. बोटांची टोकं फुगतात, नखं पोपटाच्या चोचीसारखी वाकतात. पाठीला नळी लावली की शाळेच्या बुटांची चिकटपट्टी हळू सोडवावी तसा चर्र आवाज येतो. निबर झालेला भाग पुन्हा मऊ होत नाही. औषधांनी आजाराचा वेग कमी करता येतो, एवढंच. म्हणून लवकर सापडणं महत्त्वाचं. आणि आमच्याकडं तर खोकणारा प्रत्येक माणूस टीबीचा, हे आम्ही आधीच ठरवून टाकलेलं!

आता सेवा आखायच्या म्हणजे काय करायचं? बाहेरच्या माणसाला वाटतं, दिल्लीत कोणीतरी नकाशा पसरून टाचण्या टोचत असेल. थोडंफार तसंच असतं. कुठल्या भागात किती माणसं आजारी आहेत हे आधी कळावं लागतं. मग छातीची तपासणी कुठं, गोळ्या कुठून, ऑक्सिजनचं यंत्र कोणाच्या घरी, श्वासाचे व्यायाम कोण शिकवणार, आणि शेवटच्या दिवसांत घरी जाऊन कोण बसणार, हे त्यावर ठरतं. ज्या गावात रोगी नाही, तिथं टाचणी नाही. तेव्हा सगळं त्या पहिल्या पाहणीवर.

पाहणीचा तक्ता छापून आला होता. त्यातला मुख्य प्रश्न असा: जिना चढताना धाप लागते का? हो किंवा नाही. 'हो' असेल तरच पुढचे प्रश्न विचारायचे. 'नाही' असेल तर तक्ता तिथंच संपला, चला पुढच्या घरी.

लोहारा तालुक्यातला सास्तूरचा भाग मी स्वतःकडं घेतला. म्हटलं, माझी जुनी गावं आहेत, मला कोण ओळखत नाही? नर्स मुलींना दाखवायचंही होतं की सर्वेक्षण कसं झपाट्यानं करतात.

केवळाबाईचं घर त्यात होतं. ही बाई माझ्या जुन्या ओळखीची. पूर्वी एकदा खोकला जाईना म्हणून तिला टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. बेडक्यात जंतू कधी सापडले नव्हते, तरीही. तेव्हा मी तिच्यासमोर उभी राहून, "गिळा, जीभ दाखवा" म्हणत सहा महिने गोळ्या गिळवल्या होत्या. खोकला गेला नाही. मी कागदावर 'उपचार पूर्ण' असं लिहिलं आणि तेवढ्यावर खूश झाले.

त्या दिवशी ती उंबऱ्यात बसून तूर निवडत होती. नवरा मारुती बाजेवर.

"या शिष्टर," ती म्हणाली. "बसा. च्या टाकते."

"बसायला वेळ नाही हो. अजून सगळी ओळ करायचीय. एवढं सांगा, जिना चढताना धाप लागते का?"

तिनं माझ्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. "न्हाय."

"कधीच नाही?"

"कवाच न्हाय."

मी 'नाही'वर टिक केली आणि निघाले. घाईत तिच्या बोटांकडंही बघितलं नाही. ती बोटं माझ्यापासून हातभर अंतरावर सुपात फिरत होती.

सगळ्या ओळीनं, सगळ्या गावानं तेच उत्तर दिलं. मग शेजारच्या गावांनीही. मी फार आनंदले. 'धाप लागणारे रुग्ण' या रकान्यात शून्य भरलं आणि शेऱ्याच्या जागी स्वतःच्या मनानं वाक्य घातलं: 'या भागातील लोक कष्टाळू व काटक असून त्यांची फुप्फुसे उत्तम आहेत.' साहेबांनी ते वाचून मान डोलावली. मला तर वाटत होतं, हे वाक्य दिल्लीत मोठ्यानं वाचलं जाईल.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

भूकंपानंतर ती गावं नव्यानं वसली. सरळ रेघांत रस्ते, बैठी घरं, एकावर एक मजला नाही. दगडामातीची जुनी घरं माणसांच्या अंगावर कशी आली ते लोकांनी बघितलं होतं. मीही बघितलं होतं. नव्या घरांत सुद्धा लोक कित्येक महिने निजत नसत, बाहेर अंगणात बाजा टाकत. वर मजला चढवायचा विषय काढला तरी बायका कानावर हात ठेवत. त्यांच्यासोबत अंगणात चटई टाकून मीसुद्धा झोपले आहे. आणि तीच मी, त्याच गावात घरोघर जाऊन विचारत होते की जिना चढताना धाप लागते का! मी स्वतः धाराशिवला दुसऱ्या मजल्यावर राहायला गेले होते. रोज धापा टाकत चढत होते. मला वाटलं, सगळं जग जिन्यावर.

माझं शून्य वर गेलं आणि काही महिन्यांनी आराखडा खाली आला. आमच्या जिल्ह्यापुढं लिहिलं होतं: स्वतंत्र सेवेची गरज नाही. कोणी रुग्ण आढळल्यास मोठ्या शहरातल्या दवाखान्यात पाठवावा. मी तो कागद फायलीला लावला आणि विसरून गेले.

मग कोरोना आला. त्यातल्या धावपळीबद्दल लिहायला बसले तर हा अंक पुरायचा नाही, तेव्हा ते राहू द्या. साथ ओसरत आली आणि लस राहिलेल्यांना शोधत आम्ही पुन्हा घरोघर निघालो. सास्तूरला गेले तर केवळाबाईची दुसरी लस राहिलेली. दुपार झाली होती. ती म्हणाली, "आज उपाशी जाताल तर बघा. मागच्या बारीला च्या बी घेतला न्हाय." पोटात कावळे ओरडत होते, म्हणून बसले. माणुसकी वगैरे काही नाही.

स्वयंपाकघरात एकच पाट होता, भिंतीला टेकून, चुलीच्या बरोबर समोर. तिथं बसले.

केवळाबाईनं पीठ मळलं. पहिली भाकरी थापली, तव्यावर टाकली. दुसरी थापली. आणि थांबली. दोन्ही हात परातीच्या काठावर रोवून, खांदे वर, मान खाली. मी मोजू लागले. माझं मोजणं वीसच्या पुढं गेलं तेव्हा कुठं तिनं तिसरा उंडा हातात घेतला. तिसरी-चौथी थापून पुन्हा थांबली. आता तिच्या ओठांचा रंग मला दिसला. आणि पिठात भरलेली ती बोटं. फुगीर टोकं, वाकलेली नखं.

"केवळाबाई, हे कधीपासून?"

"काय कवापासून?"

"हे थांबणं."

"आवो दोन भाकरी झाल्या की थांबावंच लागतंय. आदी धा-बारा व्हायच्या एका दमात. मग आठ झाल्या. मग पाच. आता दोन." भाकऱ्यांचा हा उतरता आलेख तिनं इतक्या सहज सांगितला की मोठ्या दवाखान्यातल्या फुंकायच्या मशीनलाही तो इतका नीट काढता आला नसता.

"मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?"

"कवा इचारलं?"

"विचारलं की! धाप लागते का म्हणून!"

"तुमी जिन्याचं इचारलं." तिनं भाकरी उलटली. "जिना हाय कुठं आमच्यात? साळंला हाय एक. म्या कवा गेले साळंला?"

बाजेवरून मारुतीचा आवाज आला. "म्या तर तवाच म्हनलं हिला, सरकार जिना बांधून द्यायलंय जणू. आदी द्या म्हनावं बांधून, मग चढून दावतो."

"गप बसा," केवळाबाई म्हणाली. "शिष्टरच्या डोळ्यात पाणी आलंय. धूर लागायलाय का वो?"

"हो," मी म्हटलं. "धूरच."

मग एक-एक बाहेर आलं. मध्ये त्रास फार वाढला तेव्हा मारुतीनं तिला दोनदा मोठ्या शहरात नेलं होतं. दोन एसट्या बदलून. तिथल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव लिहून दिलं, गोळ्या दिल्या, दर तीन महिन्यांनी या म्हणाले. दुसऱ्या खेपेला तपासणी वरच्या मजल्यावर हलवली होती, आणि त्या दिवशी लिफ्ट बंद.

"तिथं भेटला बगा तुमचा जिना," केवळाबाई म्हणाली. "पाच पायऱ्या चढले आन् बसले खाली. मागून मानसं यायलेली. ह्ये म्हनले, चल घरी. आलो मग."

त्यानंतर ती गेलीच नव्हती. गोळ्या संपून वर्ष होत आलं होतं.

जेवले. चार भाकऱ्या केल्या तिनं, त्यातल्या दोन मला वाढल्या. त्या दोन भाकऱ्यांना तिला किती श्वास लागले हे मी बघितलेलं, आणि खाल्ल्याशिवाय उठता येईना.

धाराशिवला परत येऊन मी साहेबांपुढं उभी राहिले. आमचे साहेब सज्जन, पण गेलेल्या कागदाला परत बोलावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"साहेब, सर्वेक्षण चुकलंय."

"कोणाचं?"

"माझं."

त्यांनी चष्मा काढला. "शिंदेबाई, ते केव्हाच वर गेलं. त्यावर आराखडा झाला. आता आपण काय कळवायचं? शून्य परत पाठवा म्हणून?"

"हो."

"कारण काय देऊ?"

"लिहा की परिचारिका मूर्ख होती."

"असा रकाना नसतो, बाई," ते म्हणाले, अगदी गंभीरपणे. मग कागद पुढं ओढला. "तुम्हीच लिहा. मी सही करतो. पण नवी माहिती आणा. नुसती माफी वर पाठवून काही होणार नाही." त्या सहीसाठी मी त्यांची आजन्म ऋणी आहे. निवृत्ती जवळ आलेल्या बाईला "सोडा आता" म्हणणं फार सोपं होतं.

मग मी आणि माझ्या नर्स मुलींनी तक्ता बाजूला ठेवला. ठरवलं, माणूस जे काम रोज करतो त्याच कामाबद्दल विचारायचं. बायकांना: एका दमात किती भाकरी? गेल्या दिवाळीला किती होत होत्या? शेळ्या वळणाऱ्याला: कळप पुढं जातो आणि तुम्ही मागं राहता का? किती दिवसांपासून? जिथं जे काम, तिथं तो प्रश्न. आणि विचारताना बोटं बघायची, मग पाठीला नळी लावायची. कोरोनामुळं बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा आमच्या प्रत्येकीच्या पिशवीत होताच. बसल्या बसल्या एकदा लावायचा, अंगणात चार फेऱ्या मारून आल्यावर पुन्हा लावायचा. आकडा घसरला की पत्ता लागला.

या फेरीत मी भूम तालुक्यातही गेले. तिकडं खव्याच्या भट्ट्या पुष्कळ. लाकडाचा जाळ, वर मोठी कढई, आणि दूध आटेपर्यंत उलथणं फिरवत बसायचं. एका भट्टीवर शिरले तर मालक मला बघून ताडकन उठला. माझी साडी, माझं ओळखपत्र, माझी फाईल!

"म्याडम, आमचा खवा एकदम शुद्ध हाय. कुठला बी न्या. तपासा."

"मला खवा नाही तपासायचा."

"मग दूध बघा. समोर काढलेलं हाय."

"दूधही नको. तुम्ही तपासून घ्या."

"म्या?" तो दोन पावलं मागं सरला. "माझ्यात काय भेसळ हाय?"

त्याला समजावण्यात अर्धा तास गेला. तेवढ्यात तो तीनदा खोकला. शेवटी विचारलं, "एक कढई उतरेपर्यंत उलथणं दुसऱ्याच्या हातात किती वेळा देता?"

तो कामगारांकडं एकदा बघून हळू आवाजात म्हणाला, "आता सगळंच त्यांच्या हातात हाय. म्या नुसता बसतो. लोकांना वाटतं मालक झालाय, माजलाय." मग अजून हळू, "बसल्याबिगर इलाज न्हाय, म्याडम. घरी सांगू नका."

घरी सांगितलं नाही. त्यालाच सांगायला लावलं. त्याचं निदान पुढं झालं, औषध लागू पडलं. पण भूमच्याच त्या फेरीत अशी काही घरं भेटली जिथं आम्ही उशिरा पोचलो होतो. एका घरात मुलीनं बापाचा जुना एक्सरे आणून दाखवला. फिकट, कोपरे मुडपलेले. त्या माणसाचा तक्ताही आमच्या पहिल्या गठ्ठ्यात होता. 'नाही'वर टिक. ती टिक माझ्या हातची नव्हती, पण ती कशी करायची हे त्या नर्सला मी शिकवलं होतं. हे मी विसरायचा प्रयत्न करत नाही.

नवी माहिती वर गेली आणि थंडीच्या दिवसांत मला दिल्लीला बोलावणं आलं. आराखड्याच्या समितीपुढं बोलायचं. मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. कानात कापसाचे बोळे घालून बसले, ते दिल्लीला बैठकीच्या खोलीत गेल्यावर आठवले. तोवर मला सगळेच हळू बोलताहेत असं वाटत होतं.

लांबलचक टेबल, भोवती मोठे मोठे डॉक्टर. मी हिंदीत भाषण पाठ केलं होतं. 'माननीय महोदय' पर्यंत नीट गेलं. पुढं जीभ घसरली ती सरळ आमच्या बाजारच्या हिंदीत. "साब, हमारे उधर जिनाच नई है। भूकंप के बाद से किसने बांद्याच नई। तो दम लगता क्या पूछे तो लोगां बोलते, नई लगता।" दोन-तीन जण हसले. मीही हसले, दुसरं काय करणार.

अध्यक्षस्थानी एक वयस्कर डॉक्टरीण बाई होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी हिंदीतच विचारलं, मग काय विचारायचं?

मला शब्द सापडेना. म्हणून मी समोरची वही पुढं ओढली आणि तिच्यावर भाकरी थापायला सुरुवात केली. थप थप थप. "एक." पुन्हा थप थप थप. "दोन." मग टेबलाच्या काठावर दोन्ही हात रोवले, खांदे वर घेतले, मान खाली घातली, आणि तशीच राहिले. केवळाबाई जितकी थांबली होती तितकं थांबायचं मी ठरवलं होतं. वीसपर्यंत मनात मोजलं. वीस हा आकडा ऐकायला लहान आहे. त्या खोलीत तो संपता संपेना. कोणी पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

मान वर केली तेव्हा त्या बाई लिहीत होत्या.

पुढच्या कामात माझा वाटा थोडा आहे, उगाच मोठा करून सांगत नाही. शिकलेल्या माणसांनी ते केलं आणि चांगलं केलं. पण तक्त्यातला प्रश्न बदलला. आता तो असा आहे: रोजचं कोणतं काम करताना थांबावं लागतं, आणि पूर्वी त्याच कामाला किती वेळा थांबावं लागत होतं? काम कुठलं ते रिकामं सोडलं आहे, ज्याचं त्यानं भरायचं. दुसरं असं ठरलं की ज्याला चार पावलं चालवत नाही त्याला शंभर कोस बोलवायचं नाही. मोठ्या शहराची खेप एकदाच, निदानापुरती. बाकी सगळं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, ठरलेल्या वारी. मोठे डॉक्टर पडद्यावर, नर्स रोग्याजवळ. आणि एक ओळ मी हट्टानं घालायला लावली: ही तपासणी तळमजल्यावरच असावी. ती ओळ वाचून आजही मला हसू येतं. एवढी साधी ओळ सुचायला किती वर्षं जावी लागली!

करून बघायला जे मोजके तालुके आधी निवडले त्यात आमचा लोहारा होता. पहिल्या दिवशी नावांच्या यादीत पहिलं नाव केवळाबाईचं. माझी निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती.

मारुतीनं तिला फटफटीवर आणलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही खडूनं रेघा मारल्या होत्या. सहा मिनिटं त्यांच्यामध्ये चालायचं, किती अंतर होतं आणि ऑक्सिजन किती उतरतो ते बघायचं. केवळाबाई चालली. दोनदा भिंत धरून थांबली, पण चालली. मारुती बाजूनं ओरडत होता, "हाण! म्होरं हाण!" नर्सनं त्याला गप्प केलं, तर म्हणाला, "शर्यतीला बैलं पळवलेला मानूस हाय म्या, मला उगं बसवतंय व्हय?"

पडद्यावरच्या डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं. जनावरांना वैरण कोण काढतं? गंजीतला भिजून पांढरी बुरी चढलेला कडबा वर्षानुवर्षं केवळाबाईच झटकून काढत होती. ती धूळ तिच्या छातीत गेलेली. तो कडबा तिनं पुन्हा हातात घ्यायचा नाही, असं ठरलं. मारुतीनं तोंडाला दोन पदरी उपरणं बांधून ते काम उचललं आणि शेवटपर्यंत केलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र घरी आलं, लाईट गेली तर म्हणून सोबत लहान नळकांडं आलं. यंत्राच्या घरघरीवरून मारुतीनं त्याला म्हैस म्हणायला सुरुवात केली. शेजारच्यांना सांगायचा, "आमची म्हस दूध न्हाय, वारं देती."

केवळाबाईला नंतर दोन संक्रांती मिळाल्या. आजार तिच्या घरातून कधी गेला नाही, तो जायचाच नव्हता. पण त्या दोन वर्षांत ती एकदाही एसटीत उभी राहिली नाही, कोणाच्या जिन्याखाली बसली नाही. शेवटचे दिवस तिच्या दारात आमची नर्स होती, नाव घेऊन हाक मारणारी. केवळाबाई स्वतःच्या बाजेवर गेली. मारुतीनं मला फोन करून सांगितलं, आणि म्हणाला, म्हैस दुसऱ्या कुणाला लागत असेल तर घेऊन जा. ती आता जवळच्याच गावात एका आजोबांकडं आहे.

मला लोक म्हणतात, तुम्ही जिल्ह्यात सेवा आणली. मी त्यांना तो भिंतीवरचा फोटो दाखवते. सेवा एका बाईच्या चुलीपासून आली. मी तिथं भुकेनं बसले होते. ज्यांनी सही केली, ज्यांनी वहीवरची भाकरी बघताना हसणं थांबवलं, ज्या मुलींनी माझा तक्ता फेकून पुन्हा घरोघर चकरा मारल्या, त्या सगळ्यांचे उपकार मोजायला बसले तर एका दमात होणार नाही.

त्या पहिल्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. चालून झाल्यावर केवळाबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती, नाकाला नळी लावलेली, ओठांवर रंग परत येत होता. मी तिच्याशेजारी बसले. कितीतरी दिवस मनात घोळवलेलं बोलले. म्हटलं, "केवळाबाई, माझ्या त्या 'नाही'वरच्या टिकेपायी तुमची वर्षं गेली. आणि त्याआधीच्या त्या गोळ्याही मीच गिळायला लावल्या. मला माफ करा." ती माझा हात आपल्या त्या फुगीर बोटांत धरून जे बोलली ते जसंच्या तसं देते.

"माफीचं ऱ्हाऊ द्या शिष्टर. त्या दिवशी तुमी उभ्या उभ्या इचारलं, म्या बसल्या बसल्या सांगितलं. दोघीबी खरंच बोललो. पर आता दुसऱ्या कुणाच्या घरी जाताल, तर आदी जेवायला बसत जा. आन् बसताना भाकरी करणाऱ्या बाईकडं त्वांड करून बसा. ह्ये तुमच्या त्या दिल्लीच्या बाईला बी सांगा."